चार पेल्टियर, एक ई८४०० आणि जुलैची दमट हवा

मागच्या जुलैत रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, पेल्टियर गंडलाय बहुतेक. सॉफ्टवेअरमध्ये ३६ च्या खाली टेम्परेचर जातच नाहीये, म्हणून तसाच चालू ठेवला तासभर, आणि आता पीसीच बंद पडलाय." मी विचारलं, बोर्डावर पाणी दिसतंय का बघ रे. थांब बघतो म्हणाला, मग दहा-पंधरा सेकंद काहीच आवाज नाही, आणि मग एकदम हळू आवाजात, "मामा, सॉकेटच्या कडेनं ओलं आहे सगळं."

तर हे प्रकरण त्याचं आहे, पण नंतर दोन महिने माझे रविवार त्यात गेले म्हणून लिहायचा हक्क माझापण आहे असं मी धरतो. पेल्टियर, म्हणजे वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारा चपटा तुकडा, लावून प्रोसेसर थंड करायचा, पाण्याची भानगड नको, पंख्यावरच भागवायचं, आणि खर्च दोन हजारांच्या आसपास. कल्पना ऐकायला भारीच वाटते, बारावीचं फिजिक्स झालेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हे सुचतंच.

मशीन जुनं. कोअर २ ड्युओ ई८४००, ४५ नॅनोमीटरवाला, मूळ ३ गिगाहर्ट्झचा, मल्टिप्लायर ९, एफएसबी ३३३ (या दोघांचा गुणाकार म्हणजे त्याचा वेग). भाच्यानं एफएसबी ४०० करून ३.६ वर नेला होता, थोडं व्होल्टेज वाढवून. त्याच्यावर चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या) टॉवर कूलर, १२० एमएमचा पंखा, आणि खोली २७ अंशाला असताना फुल लोडला कोर ५२ वर जाऊन थांबायचे. म्हणजे खरं तर काही दुखत नव्हतं. पण ४ गिगाहर्ट्झ गाठायचे होते ना.

त्यानं काय केलं तर पुण्यात पासोड्या विठोबाकडच्या एका दुकानातून टीईसी१-१२७०६ नावाचा पेल्टियर मोड्यूल आणला, दोनशे रुपयाच्या आत मिळाला, ४० बाय ४० चा पांढरा सिरॅमिकचा चौकोन, जेमतेम चार एमएम जाड, दोन वायरी. तो प्रोसेसर आणि टॉवर कूलरच्या मधे पेस्ट लावून सरळ सँडविच केला आणि १२ व्होल्ट दिले. झालं. आणि त्याला दोन तक्रारी एकदम आल्या, ज्या ऐकून पहिल्यांदा वाटतं की पोरगं काहीतरी चुकीचं सांगतंय. पीसी नुसता चालू असला की खाली पाणी, आणि गेम लावला की पाच मिनिटात कोर नव्वदीच्या पुढे आणि क्लॉक आपोआप खाली. एकच वस्तू, एकदा फ्रिज आणि एकदा शेगडी.

आधी ते ३६ चं प्रकरण, कारण नुकसान त्याच्यामुळे झालं. या पिढीच्या प्रोसेसरमधला सेन्सर थर्मामीटर म्हणून बनवलेलाच नाही, तो टीजे-मॅक्सपासून, म्हणजे चिपला चालणाऱ्या कमाल तापमानापासून, आपण किती लांब आहोत एवढं सांगतो, ई८४०० ला ती मर्यादा १०० अंश. जितकं त्याच्या जवळ तितका आकडा खरा, आणि खाली तिशी-चाळीशीत आलं की काही चिप्समध्ये आकडा एका जागी चिकटून बसतो. भाच्याच्या चिपचा ३६ ला चिकटायचा. तो बिचारा बघतोय ३६, त्याला वाटतंय मोड्यूल काम करत नाही, आणि तिकडे खरा धातू पाच-सहा अंशावर. मी दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरचा के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची वायर, कडेला टेकवून बघितला तेव्हा कळलं. तर कोणी असलं काही करणार असाल तर आधी थर्मोकपल आणा आणि मग मोड्यूल.

बोर्ड वाचला हे नशीब. बॅटरी काढली, आयसोप्रोपिलनं ब्रश मारून सॉकेट पुसलं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी बूट झाला. माझी बहीण तोपर्यंत माझ्याशी बोलत नव्हती कारण तिला वाटलं ही आयडिया माझीच.

आता पाणी का आणि आग का. पुण्यात जुलैत खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असला तर दवबिंदू २५ च्या जवळ येतो. म्हणजे २५ पेक्षा थंड काहीही ठेवलं की त्याच्यावर थेंब धरणार, माठाला बाहेरून सुटतं तसं नाही, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं. मे महिन्यात ३८ अंश आणि २५ टक्के असेल तर तोच दवबिंदू १४-१५ वर उतरतो. परदेशातले व्हिडिओ बघून करणाऱ्यांना हेच कळत नाही, त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत जे चालतं ते इथे पावसाळ्यात चालेलच असं नाही. प्रोसेसर निवांत असताना पंधरा-वीस वॅट सोडतो, पेल्टियर मात्र फुल ताकदीनं उपसतोय, मग तो खाली जाणारच.

आणि आगीचं कारण डेटाशीट वाचण्यात आहे. १२७०६ च्या कागदावर दोन मोठे आकडे असतात, उष्णता वाहून नेण्याची कमाल क्षमता साधारण ५० वॅट, आणि दोन बाजूंमधला कमाल फरक साधारण ६६ अंश. भाच्यानं दोन्ही एकदम धरले, म्हणजे ५० वॅट पण नेईल आणि ६६ अंश पण खाली आणेल. तसं नसतं रे बाबा. ५० वॅट नेतो तेव्हा फरक शून्य, आणि ६६ चा फरक पाडतो तेव्हा वाहून नेतो शून्य वॅट. मधे सगळं या दोघांच्या दरम्यान, एक वाढवलं की दुसरं कमी. त्यात हे आकडे सहा-साडेसहा अँपिअरचे, १२ व्होल्टवर प्रत्यक्षात साडेचार-पाचच जातात, म्हणजे फरक शून्य असताना ४५ वॅट धरा. आता प्रोसेसर सोडतोय कागदावरचे ६५, ओव्हरक्लॉकचं, म्हणजे वेग वाढवल्याचं, सोडूनच देऊ. मोड्यूलची ऐपत ४५. वरचे २० वॅट जाणार कुठे, तर ते पण मोड्यूलमधूनच जाणार, पण नुसत्या वहनानं, आणि मोड्यूल म्हणजे उष्णतेला चांगलाच अडसर, एका १२७०६ मधून एका अंशाच्या फरकाला अर्धा-पाऊण वॅट सरकतो. २० वॅट सरकायला ३०-३५ अंशाचा फरक लागणार, आणि तोही उलट्या बाजूनं, म्हणजे "थंड" बाजू गरम बाजूपेक्षा ३५ अंशानं जास्त गरम.

वरून मोड्यूल स्वतः ५५ वॅट खातो ते वेगळे. पेल्टियर थंडी तयार करत नाही, तो इकडची उष्णता तिकडे नेऊन टाकतो आणि नेण्याची मजुरी म्हणून स्वतःची उष्णता त्यात मिसळतो. टॉवर कूलर आधी ६५ वॅट फेकत होता, आता १२० फेकायचे. त्याचा पंख्यासकट अडथळा ०.२ अंश प्रति वॅट धरला तर पूर्वी तो खोलीपेक्षा १३ अंश वर असायचा, आता २४. म्हणजे गरम बाजू ५१, त्यात ते उलटे ३५, झाले ८६, आणि कोर आणखी दहा-बारा वर. नव्वदीच्या पुढे का गेला ते कळलं.

मी हे वहीत मांडून दाखवलं तर भाचा लगेच म्हणाला, "मग मोठा लावू. १२७१५." आणि मी हो म्हणालो, कारण मलाही बघायचं होतं. हा तसाच ४० बाय ४० चा, पण पंधरा अँपिअरचा. लावला. लोडला कोर ५० वर आले. आधी नुसत्या हवेवर ५२ होते, आता ५०! दोन अंशासाठी जुन्या एसएमपीएसमधून (पीसीचा पॉवर सप्लाय) अकरा अँपिअर, म्हणजे १३०-१४० वॅट जास्तीचे, पिवळ्या वायरी हाताला कोमट लागायला लागल्या आणि टॉवरची हवा हेअर ड्रायरसारखी. तो एसएमपीएस वेगळा होता हे बरं, हिरवी वायर काळीला शॉर्ट करून चालू केलेला. हा प्रयोग एका संध्याकाळीच संपला.

खरी गंमत इथून पुढे आहे आणि मला लिहायचं होतं ते हेच. पेल्टियरमध्ये उष्णता उपसणं करंटच्या प्रमाणात वाढतं, आणि आत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे करंट अर्धा केला तर उपसा अर्धा होतो पण मजुरी चौथाई. मग एकाला १२ व्होल्टवर मरेस्तोवर राबवण्यापेक्षा दोघांना सहा-सहा व्होल्टवर निवांत का चालवू नये? दोन १२७०६ सीरिजमध्ये जोडले की १२ व्होल्ट आपोआप सहा-सहा वाटले जातात, वेगळा कन्व्हर्टर नको काही नको. हिशोब असा येतो: एकटा १२ वर, फरक शून्य, उपसा ४५ वॅट, खर्च साधारण ५५-६० वॅट. दोघे ६-६ वर, फरक शून्य, दोघांचा मिळून उपसा ६५ च्या आसपास, खर्च ३०-३२ वॅट. जास्त काम, निम्मी वीज, आणि जास्तीचा खर्च दोनशे रुपये. चार घेतले, दोन-दोनच्या दोन सीरिज जोड्या आणि त्या पॅरललमध्ये, तर १३० वॅटची ऐपत झाली आणि ६५ चा प्रोसेसर आता त्यांना निम्माच भार. मग उरलेल्या ऐपतीतून तापमानाचा फरक मिळतो, ऐपत उरत नाही तोपर्यंत काही मिळत नाही.

पेल्टियर नावाचा जो फ्रेंच माणूस होता तो मूळचा घड्याळवाला, १८३४ मध्ये त्याला दोन धातूंच्या सांध्यावर हे दिसलं, आणि १८३८ मध्ये लेन्झनं बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. त्या थेंबाला कोणी ६५ वॅट देत नव्हतं हे लक्षात घ्या.

असो. चार मोड्यूल म्हणजे ८० बाय ८० ची जागा, आणि प्रोसेसरची टोपी त्याच्या निम्मी पण नाही. मधे तांब्याची प्लेट पाहिजे. भंगारवाल्याकडे इलेक्ट्रिक पॅनेलमधली ८० बाय १० ची बसबार पट्टी वजनावर मिळाली, त्यातून एक ८० बाय ८० चा आणि एक ३६ बाय ३६ चा तुकडा कापून घेतला आणि लेथवाल्याकडून दोन्ही बाजू फेस, म्हणजे एकदम सपाट, करून घेतल्या. छोटा तुकडा खाली प्रोसेसरवर, मोठा त्याच्यावर. छोट्याची गरज यासाठी की सॉकेटच्या आजूबाजूला कपॅसिटर उभे असतात, मोठी प्लेट थेट ठेवली तर त्यांच्यावर बसते. छोट्यात कडेनं दोन एमएमचं भोक, थर्मोकपलसाठी.

मग लक्षात आलं की हा प्रोसेसर बसतो त्या ७७५ सॉकेटची बोल्टची भोकं ७२ एमएमच्या चौकोनात असतात आणि ८० ची प्लेट सरळ ठेवली की चारही कोपरे बोल्टवर येतात. इथे आम्ही एक आख्खा रविवार डोकं धरून बसलो. कोपरे कापायचे तर मोड्यूल उघडे पडतात. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, शंकरपाळ्यासारखी तिरकी लाव की." ४५ अंशात फिरवली आणि बोल्ट प्लेटच्या बाहेरून अलगद गेले. फक्त एक टोक रॅमच्या पहिल्या स्लॉटवर आलं, तो स्लॉट सोडून दिला. हे सुचल्याबद्दल त्याला मी मिसळ खाऊ घातली.

गरम बाजूला टॉवर कूलर चालणार नव्हता, त्याचा तळ ४० एमएमचा. जुन्या बाजारात रविवारी जाऊन कुठल्यातरी मोटर ड्राइव्हमधून काढलेला अल्युमिनियमचा हीटसिंक आणला, साधारण १५० बाय १२५ चा तळ, उंच पात्या, साडेतीनशे रुपये. बोर्ड आडवा ठेवायचा हे तेव्हाच ठरलं, एवढं वजन उभ्या बोर्डावर लटकवलं तर बोर्ड वाकणार. वर दोन १२० चे पंखे.

जोडताना दोन गोष्टी. एक, चारही मोड्यूलची जाडी सारखी पाहिजे. आम्ही पाच आणले आणि व्हर्नियरनं मोजून त्यातले जवळचे चार घेतले, एक जरी पाव एमएम उंच असला तर बाकीचे तीन हवेत आणि बोल्ट आवळताना सिरॅमिकला चीर. बोल्टला स्प्रिंग घालून, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, गाडीचं चाक बसवतो तसं. दोन, कुठली बाजू थंड ते छापलेल्या नंबरावर विश्वास न ठेवता पेन्सिल सेल लावून दोन बोटात धरून बघायचं, दोन सेकंदात कळतं. बिना हीटसिंकचा १२ व्होल्टला लावू नका, आतलं साधं सोल्डर १३८ अंशाला वितळतं आणि तिथपर्यंत जायला त्याला वेळ लागत नाही. पाचवा मोड्यूल आम्ही असाच घालवला.

पाण्यासाठी एसीवाल्याकडून काळा नायट्राइल फोम आणला, पाइपवर गुंडाळतात तो. प्लेटच्या कडा, सॉकेटच्या भोवती, बोर्डाच्या मागच्या बाजूला, हवेला शिरायला फट राहणार नाही असा कापून बसवला. सॉकेटच्या भोवतीच्या भागाला नेलपॉलिशचे दोन हात, सॉकेटच्या कडेला सिलिकॉन ग्रीस. नेलपॉलिश बहिणीची, तिला नंतर कळलं.

आणि एक चूक जी होता होता राहिली. पेल्टियरचा एसएमपीएस वेगळा, त्यामुळे पीसी बंद केल्यावर तो चालू राहिला तर बर्फ, आणि पीसी चालू करताना तो लावायचा विसरला तर चार मोड्यूल नुसते अडसर म्हणून मधे. म्हणून मुख्य एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, लावला, जो दुसऱ्याची हिरवी वायर काळीला जोडतो. दोघं एकदम उठतात, एकदम झोपतात.

निकाल. खोली २७, तोच ३.६ गिगाहर्ट्झ, तोच लोड, अर्धा तास. तांब्यात ३३ ते ३४, कोर ४६. मोड्यूल खातायत ५३-५५ वॅट. म्हणजे टॉवर कूलरच्या ५२ वरून ४६. सहा अंश. भाच्याचं तोंड उतरलं, पण मला उलट बरं वाटलं कारण वहीतला हिशोब जवळपास तसाच सांगत होता: गरम बाजू खोलीपेक्षा २४ वर, मोड्यूल त्यातून २२ खाली आणतात, उरतात दोन, आणि मग तांबं, पेस्टचे तीन थर हे आपापला वाटा घेतातच. हीटसिंक जर ०.२ ऐवजी ०.१ चा असता तर एका झटक्यात १२ अंश आणखी मिळाले असते, मोड्यूलला हात न लावता. पैसे तिथे घालायचे होते.

निवांत असताना मात्र चार मोड्यूल ६-६ व्होल्टवर पण प्लेटला पाच-सहा अंशाच्या खाली नेतात, म्हणजे पुन्हा दव. त्यासाठी डब्ल्यू१२०९ नावाचं शंभर-सव्वाशे रुपयाचं थर्मोस्टॅट कार्ड घेतलं, त्याचा सेन्सर मोठ्या प्लेटच्या कडेला, कूलिंग मोडवर, सेटिंग २८. प्लेट २८ च्या वर गेली की मोड्यूल चालू, तीन अंश खाली आली की बंद. दिवसभर टक-टक रिले वाजत राहतो. हे काही मोड्यूलच्या तब्येतीला चांगलं नाही, सारखं तापणं-निवणं म्हणजे आतल्या सांध्यांना ताण, पण बोर्ड भिजण्यापेक्षा बरं. मोठ्या कंपन्यांनी पण शेवटी हेच केलंय, इंटेलनं २०२० मध्ये क्रायो म्हणून पेल्टियरचं तंत्र आणलं, पाण्यावरचं आणि महागडं, त्यात दमटपणाचा सेन्सर होता, दवबिंदूच्या वर राहायला. आणि त्याच्या आधी २००९ च्या सुमाराचा कूलर मास्टरचा व्ही१०, तो हवेवरचाच, दहा हीटपाइप, त्यात पेल्टियर होता पण सगळी उष्णता त्याच्यातून जात नव्हती, काही हीटपाइप सरळ पात्यांना. ही युक्ती मला फार आवडली, पण घरी जमवायला हीटपाइप वाकवता यायला पाहिजेत.

खर्च साधारण असा: पाच मोड्यूल हजाराच्या आत, तो १२७१५ पाचशेचा फुकट गेला, हीटसिंक साडेतीनशे, तांबं आणि लेथ मिळून सहाशे, पंखा एक नवा तीनशे, कार्ड, फोम, बोल्ट, स्प्रिंगा तीनशे. दोन हजार ओलांडून तीनच्या वर गेला, आणि मिसळ वेगळी.

४ गिगाहर्ट्झला एफएसबी ४४५ लागेल, म्हणजे व्होल्टेज आणखी वर, म्हणजे वॅट आणखी वर, आणि ६५ चे ८५ झाले की हे सहा अंश पण जातील असा माझा अंदाज. भाच्याला पटलेलं नाही. तो म्हणतो मे महिन्यात हवा कोरडी असते, सेटिंग १८ वर आणू. मी म्हटलं निवांत असताना येईल की १८, लोडला खोलीच ३८ असेल तेव्हा काय करशील, तर म्हणाला रात्री दोनला करू. सध्या पीसीवर पुन्हा टॉवर कूलर आहे, परीक्षा आहेत म्हणून, आणि ती तिरकी प्लेट फोमसकट त्याच्या टेबलाखाली बुटाच्या खोक्यात पडली आहे.